नोएथरबाईंना सगळे ओळखत होते, अडचण तीच आहे

मार्च आला की ८ तारखेपासून २३ तारखेपर्यंत, म्हणजे महिला दिनापासून जर्मन गणिती एमी नोएथरच्या वाढदिवसापर्यंत, एक ठरलेलं भांडण दरवर्षी नव्याने पेटतं. कोणीतरी फोटो टाकतं, खाली ओळ असते की ही आइनस्टाइनला मदत करणारी पण इतिहासाने विसरलेली गणिती, आणि मग कॉमेंटमध्ये दोन गट पडतात. एका गटाचं म्हणणं, पुरुषांनी दडपलं, नाव पुसलं, श्रेय खाल्लं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, अहो दडपलं कुठे, ना आरक्षण ना सवलत ना कोणाची मेहेरबानी, तरी बाई वर आलीच ना, गुणवत्ता असली की कोणी अडवू शकत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी खूश आणि पुढच्या मार्चपर्यंत विषय बंद.

माझं म्हणणं असं आहे की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या गृहीतकावर उभ्या आहेत. दोघांनाही वाटतं की सगळा मामला ओळख मिळण्याचा आहे, पहिले म्हणतात मिळाली नाही, दुसरे म्हणतात मिळाली. पण नोएथरबाईंची गोष्ट नीट वाचली तर दिसतं काय, की त्यांची लायकी ज्यांना कळायला हवी होती त्या प्रत्येकाला ती कळलेली होती, अगदी त्यांच्या हयातीत, अगदी लवकर, आणि तरीही पगाराची पक्की जागा जर्मनीत त्यांना कधीच मिळाली नाही. ओळख होती, जागा नव्हती. ही गोष्ट 'विसरलेली प्रतिभा' छापाच्या गोष्टीपेक्षा जास्त त्रासदायक आहे, कारण विसरण्यावर आठवण करून देणं हा उपाय असतो, इथे तोही लागू पडत नाही.

आधी 'विसरलेली' हा शब्द काढून टाकू. १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन या दोन बड्या गणितींनी त्यांना जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात बोलावून घेतलं, ते काही स्त्रीदाक्षिण्य म्हणून नाही. सामान्य सापेक्षतेमध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचं कोडं सुटत नव्हतं आणि इन्व्हेरियंट (म्हणजे रूपांतर केलं तरी न बदलणाऱ्या राशी) या विषयातलं माणूस हवं होतं. त्यांनी ते कोडं सोडवलं. निसर्गाच्या नियमात जिथे जिथे सलग सममिती आहे (थोडं थोडं कितीही सरकलं तरी नियम तोच राहतो अशी) तिथे तिथे एक राशी अक्षय्य राहते, म्हणजे नियम आज आणि उद्या सारखेच असतील तर ऊर्जा टिकते, इथे आणि तिथे सारखेच असतील तर संवेग टिकतो, हे १९१८ चं प्रमेय. आइनस्टाइनने त्याच वर्षी हिल्बर्टला पत्रात त्यांचं कौतुक केलं. १९३२ मध्ये गणिती आर्टिनबरोबर त्यांना आकरमान-टॉयब्नर हा गणिताचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी झुरिकच्या जागतिक गणित परिषदेत मुख्य व्याख्यान द्यायला बोलावलं गेलं, तो मान मिळालेली पहिली स्त्री. (दुसरी स्त्री कधी? १९९० मध्ये, कॅरन उहलेनबेक. ५८ वर्षांनी.) मेल्यावर आइनस्टाइनने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहिलं. आता मला सांगा, याला विसरणं म्हणतात?

बरं, या 'आइनस्टाइनला मदत करणारी' वर्णनाचाही मला राग येतो, कारण बाईंचा खरा जीव भौतिकशास्त्रात नव्हताच. १९१८ चं प्रमेय त्यांच्या हिशोबात जाता जाता केलेलं काम होतं, पुढे त्यांनी त्यावर फारसं काही लिहिलंही नाही. खरं काम अल्जिब्राचं, आणि ते काय होतं हे न सांगता 'महान महान' म्हणत राहणं हा पण एक प्रकारचा अनादरच आहे, त्यामुळे थोडं थांबून तेच बघू.

१९०७ मध्ये त्यांनी एर्लांगेन विद्यापीठात पॉल गॉर्डनच्या हाताखाली डॉक्टरेट केली. प्रबंधात काय होतं, तर एका प्रकारच्या बहुपदींचे ३३१ कोव्हेरियंट (चलं बदलली तरी मूळ बहुपदीशी नातं टिकवणाऱ्या राशी), एकेक करून मांडलेले. हाताने. गॉर्डन हा आकडेमोडीचा राजा होता आणि शिष्येने गुरूची रीत इमानाने पाळली. पुढे बाई स्वतःच या प्रबंधाला कचरा म्हणायच्या. आणि मग १९२१ चा पेपर घ्या, त्याच बाईंचा, विषय रिंगमधल्या आयडियलचा. रिंग म्हणजे जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतो असा संच, जसे पूर्णांक, आणि आयडियल म्हणजे त्यातला असा गट की ज्यातल्यांची बेरीज केली किंवा त्यांना रिंगमधल्या कशानेही गुणलं तरी उत्तर गटातच राहतं. तिथे आकडेमोड जवळजवळ गायब. ६० ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांचा एक गट करा, तो अख्खाच्या अख्खा ३० ने भाग जाणाऱ्यांच्या गटात मावतो, तो १५ वाल्यांच्या, तो ५ वाल्यांच्या, आणि शेवटी १ वाल्यांच्या म्हणजे सगळ्याच पूर्णांकांच्या गटात, त्यापुढे वाढायला जागाच नाही. कुठूनही सुरुवात करा, अशी वाढत जाणारी साखळी कधी ना कधी थांबतेच. बाईंनी काय केलं, तर संख्या सोडून दिल्या आणि 'साखळी थांबते' एवढी एकच अट हातात ठेवली. मग विचारलं की ज्या कुठल्या रिंगमध्ये ही अट पाळली जाते, मग तिथे संख्या असोत, बहुपदी असोत, आणखी काही असो, तिथे काय काय आपोआप खरं ठरतं? आणि निघालं बरंच. संख्येचे जसे अविभाज्य अवयव पडतात तसंच काहीसं प्रत्येक आयडियलचं मोजक्या मूळ आयडियलमध्ये विघटन होतं. बहुपदींपुरतं हेच १९०५ मध्ये इमानुएल लास्करने सिद्ध केलं होतं, हो तोच, बुद्धिबळाचा जगज्जेता, पण बरीच जड यंत्रणा वापरून. बाईंची सिद्धता त्याच्यापुढे इतकी छोटी आणि सरळ की वाटावं यात अवघड काय होतं. (आणि गंमत बघा, १९२१ हेच ते वर्ष ज्यात लास्करचं बुद्धिबळाचं जगज्जेतेपदही गेलं.)

आज एमएस्सीला गणित घेतलेला कुठलाही विद्यार्थी 'नोएथेरियन रिंग' हे शब्द दिवसातून दहादा उच्चारतो. टोपॉलॉजीमध्ये (ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या आकारांच्या गुणधर्मांच्या गणितात) नुसते आकडे मोजत बसू नका, त्यांच्यामागचे ग्रुप नावाच्या बीजगणिती रचना बघा, हा आग्रहही बाईंचाच, हॉफ आणि अलेक्झांड्रॉव्ह या गणितींनी तो ऐकला आणि त्या विषयाची दिशा बदलली. गणिती व्हान डर वार्डनचं 'मॉडर्न आल्जिब्रा' हे १९३०-३१ चं पुस्तक, ज्यावर नंतरच्या पिढ्या वाढल्या, ते आर्टिन आणि नोएथर यांच्या व्याख्यानांवरून लिहिलंय असं त्यानेच तिथे छापलंय. म्हणजे श्रेय खाल्लं हा आरोपही टिकत नाही. उलट बाईच कल्पना वाटत सुटलेल्या असायच्या, शिष्याच्या नावावर गेली तरी हरकत नाही, आणि स्वतःच्या कामाबद्दल म्हणायच्या की हे सगळं आधीच डेडेकिंडने (आधीच्या पिढीतला जर्मन गणिती) लिहून ठेवलंय.

मग अडलं कुठे? इथे दुसऱ्या गटाला, गुणवत्तावाल्यांना, गाठावं लागेल. त्यांच्या बाजूचा जो सगळ्यात भक्कम मुद्दा आहे तो मी मान्य करतो: बाईंना कोणी सवलत दिली नाही, जे मिळालं ते निव्वळ कामावर मिळालं, आणि काम इतकं जबर होतं की नाझींनी हाकलल्यावरसुद्धा ते पुसता आलं नाही. हे शंभर टक्के खरं. पण 'जे मिळालं' म्हणजे नक्की काय मिळालं याची यादी तरी बघाल का? १९०८ ते १९१५, एर्लांगेनमध्ये बिनपगारी. वडील माक्स नोएथर तिथेच प्रोफेसर, त्यांची तब्येत बरी नसली की लेक्चर लेकीने घ्यायचं, फुकट. १९१५ नंतर गॉटिंगेनमध्ये बिनपगारी, आणि वर नावही स्वतःचं नाही, व्याख्यान जाहीर व्हायचं ते 'प्रोफेसर हिल्बर्ट, डॉ. नोएथर यांच्या सहकार्याने' असं, शिकवायच्या मात्र बाईच. १९१९ मध्ये, म्हणजे युद्ध संपून राजेशाही गेल्यावर, एकदाची विद्यापीठात शिकवण्याची अधिकृत परवानगी मिळाली. वय ३७. तीही बिनपगारीच. १९२२ मध्ये प्रोफेसर ही पदवी, पगाराशिवायची. १९२३ मध्ये अल्जिब्रा शिकवण्याचं एक छोटं कंत्राट, आयुष्यातले पहिले नियमित पैसे, आणि ते वर्ष कोणतं, तर जर्मनीत पाव घ्यायला कोट्यवधी मार्क लागत होते ते. प्रमोशन म्हणून जे काही झालं ते इथेच संपलं. पुढची दहा वर्षं, ज्यात त्यांनी विसाव्या शतकाचं अल्जिब्रा घडवलं, त्या याच कंत्राटावर होत्या. गॉटिंगेनच्या विज्ञान अकादमीनेही त्यांना सदस्य करून घेतलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की काळच तसा होता, आजच्या चष्म्यातून कालचं बघू नका. दिसायला समंजस वाटणारा हा मुद्दा प्रत्यक्षात आळशी आहे. कुठला काळ? याच गॉटिंगेनने १८७४ मध्ये रशियन गणिती सोफिया कोव्हालेव्हस्कायाला डॉक्टरेट दिली होती, १८९५ मध्ये इंग्रज गणिती ग्रेस चिझमला दिली होती. कोव्हालेव्हस्काया १८८९ पासून स्टॉकहोमला कायम प्रोफेसर होती. मारी क्युरी १९०६ पासून सॉरबॉनमध्ये शिकवत होती. म्हणजे शक्य काय आहे हे त्या काळाला व्यवस्थित माहीत होतं. आणि खुद्द गॉटिंगेनमध्येच, बाईंना शिकवायची परवानगी द्यायची का या मीटिंगमध्ये, वाद झाला ना! विरोधक म्हणाले की आज हिला शिकवू दिलं तर उद्या ही प्रोफेसर होईल, परवा सिनेटमध्ये बसेल, लढाईवरून परतलेल्या आमच्या सैनिकांनी काय बाईच्या पायाशी बसून शिकायचं? हिल्बर्ट म्हणाला, उमेदवार बाई आहे हा आक्षेप मला कळतच नाही, सिनेट म्हणजे काही सार्वजनिक स्नानगृह नाही. हा किस्सा थोडाफार तिखटमीठ लावून सांगितला जात असेल, पण वाद झाला आणि हिल्बर्ट हरला एवढं पक्कं. १९०८ चा प्रशियाचा सरकारी नियमही बाईंच्या विरोधात होता आणि मंत्रालयाने अपवाद करायला नकार दिला. तर काळाने निर्णय घेतला नाही, माणसांनी घेतला. समोर दोन्ही पर्याय होते.

आणि आता खरी बोचणारी गोष्ट. १९१९ नंतर तो नियम राहिला नव्हता. नवं प्रजासत्ताक आलं होतं. हिल्बर्ट तिथेच होता, जगातला सगळ्यात वजनदार गणिती. मग पुढची चौदा वर्षं कोण अडवत होतं? बाई, त्यातून ज्यू, त्यातून डाव्या विचारांची, ही तिन्ही कारणं होतीच, पण मला वाटतं आणखी एक कारण होतं ज्याबद्दल कोणी बोलत नाही: बाई तसंही शिकवतच होत्या. पगार द्या न द्या, त्या येणारच होत्या. एका लहानशा वारशावर आणि काटकसरीवर त्यांचं भागत होतं, कपड्यांची पर्वा नाही, तक्रार नाही, सुट्टीच्या दिवशी इमारत बंद असली तर पोरांना घेऊन रानात फिरत फिरत गणित चालू. अशा माणसाला जागा द्यायची घाई संस्थेला का असेल? जे फुकट मिळतंय त्याचं बिल कोण मागून घेतो? गणिती हेर्मान वाइल १९३० मध्ये हिल्बर्टच्या जागेवर आला, त्याने मंत्रालयाकडे बाईंसाठी खटपट केली, जमलं नाही. बाई गेल्यावर श्रद्धांजलीच्या भाषणात तो सरळ म्हणाला की जी अनेक बाबतीत माझ्याहून वरचढ आहे हे मला माहीत होतं, तिच्या शेजारी अशा मानाच्या जागेवर बसायची मला लाज वाटायची. प्रामाणिक माणूस, मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण लाज वाटून काय झालं? जागा त्याचीच राहिली.

गुणवत्तावाल्यांचा शेवटचा बुरूज म्हणजे संघर्षातून माणूस घडतो हा. आरामाची खुर्ची मिळाली असती तर कमिट्या, परीक्षा, फायली यात बाई अडकल्या असत्या, मोकळ्या होत्या म्हणून एवढं काम झालं. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, त्यात तथ्य असूही शकतं. पण मग हाच न्याय हिल्बर्टला का नाही? त्याने खुर्चीत बसूनच सगळं केलं की. गाउसचं काय, डेडेकिंडचं काय? गरिबीने, अडवणुकीने पुरुषांचं भलं होतं असं कोणी म्हणत नाही, त्यांना आपण शिष्यवृत्त्या देतो. आणि दुसरं, ज्या टिकल्या त्याच आपल्याला दिसतात. नोएथरबाईंच्या घरी वडील गणिताचे प्रोफेसर, गॉर्डन हा वडिलांचा सहकारी, घरात खायची भ्रांत नाही, पंधरा वर्षं बिनपगारी राहता येईल एवढी सोय. १९०० मध्ये बाईंच्या हातात मुलींच्या शाळेत फ्रेंच-इंग्रजी शिकवायचं सर्टिफिकेट होतं, ती नोकरी त्यांनी घेतली नाही कारण न घेणं परवडत होतं. जिला परवडलं नाही ती बव्हेरियातल्या कुठल्या तरी शाळेत तीस वर्षं क्रियापदं घोकून घेत बसली असेल. तिची गुणवत्ता वर आली नाही म्हणून ती नव्हतीच, असं म्हणायचं का?

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं बघा. १९३३ मध्ये, म्हणजे बाईंना गॉटिंगेनमधून काढलं त्याच साली, मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आलेली कमला भागवत बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेली. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, पुढे कमला सोहोनी म्हणून आपल्याला माहीत असलेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेलवाले. ते नाही म्हणाले. का, तर मुलगी आहे. मार्कशीट समोर होती, पहिला नंबर दिसत होता, ओळखण्यात कुठे काही कमी पडलं नव्हतं. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाची भाषा केली, तेव्हा प्रवेश मिळाला पण अटी घालून: एक वर्ष प्रोबेशन, आणि संस्थेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. पहिली आलेल्या मुलाला अशी अट कोणी घातली असती का? पुढे केंब्रिजची पीएचडी वगैरे झालं, रामन यांचंही मत बदललं, मुलींना प्रवेश मिळू लागले. इथेही तेच बघा, वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रातले, त्याच संस्थेत शिकलेले. घरात दार ओळखीचं होतं म्हणून ठोठावत राहता आलं. आणि याच रामन यांनी दोन वर्षांनी कोणासाठी भांडण घेतलं माहितेय? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्नसाठी. एप्रिल १९३३ मध्ये गॉटिंगेनने ज्यांना पहिल्या झटक्यात घरी बसवलं त्यात नोएथर होत्या आणि बोर्नही होता. बोर्नला रामन यांनी बंगळूरला आणलं, कायमची जागा मिळावी म्हणून जिवाचं रान केलं, विरोध अंगावर घेतला. जात-धर्म-देश यांच्या पलीकडे जाऊन गुणवत्ता ओळखणारा माणूस, आणि तोच मार्कशीट हातात असूनही एका मुलीला परत पाठवत होता. तेव्हा दृष्टी चांगली असली की न्याय आपोआप होतो हे मला कोणी सांगू नये.

१९३३ नंतरचं थोडक्यात. बरखास्तीनंतर बाई घरीच पोरांना शिकवत राहिल्या, एक विद्यार्थी नाझी गणवेश घालून यायचा तरी त्यालाही शिकवलं. हासे या गणितीने बाईंच्या बाजूने पत्रं गोळा केली, उपयोग झाला नाही. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीवर नोकरी, प्रिन्स्टनला जाऊन व्याख्यानं, आणि १४ एप्रिल १९३५ ला एका ऑपरेशननंतर मृत्यू, वय ५३. जिथे पगार आणि मान एकत्र मिळाले ती जेमतेम दीड वर्षं, तीही दुसऱ्या देशात आणि तीही मुदतीची नेमणूक.

आता कोणी म्हणेल की हे सगळं उगाळून आज काय करायचं, आज तर बायका कुलगुरू आहेत. आहेत, आनंद आहे. पण मी मघाशी म्हटलं ते कारण, म्हणजे फुकट किंवा स्वस्तात मिळतंय तर जागा कशाला भरा, ते कुठे गेलंय? आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजात जाऊन बघा, नेट-सेट झालेले, पीएचडी केलेले लोक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतायत, तास भरला तर पैसे, परीक्षा-सुट्ट्यांच्या काळात शून्य, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही माहीत नाही. त्यांची लायकी कोणाला कळत नाही असं आहे का? प्राचार्यांना कळते, विभागप्रमुखांना कळते, विद्यार्थ्यांना तर सगळ्यात जास्त कळते, निकाल लागला की सत्कारही होतो, शाल-श्रीफळ मिळतं. फक्त जागा भरत नाहीत. १९२३ चं बाईंचं ते कंत्राट आणि हे, यात मला तरी तत्त्वाचा काही फरक दिसत नाही. इथे कोणी म्हणेल की हा बाई-पुरुषाचा प्रश्न नाही, हा सरकारी पैशाचा प्रश्न आहे. असेल. पण गॉटिंगेनमध्येही कारण कधीच 'आम्हाला नको' असं नव्हतं, दर वेळी नियम होता, सैनिक होते, सिनेट होती, मंत्रालय होतं.

त्यामुळे पुढच्या मार्चमध्ये फोटो जरूर टाका, पण खाली 'विसरलेली' लिहू नका. पगाराची तारीख लिहा. १९०७ ला डॉक्टरेट, १९२३ ला पहिला पगार. आणि मग कॉमेंटमध्ये गुणवत्तावाले आले की त्यांना एवढंच विचारा की या मधल्या सोळा वर्षांत बाईंच्या गुणवत्तेत नक्की काय कमी होतं.